फक्त बत्तीस हजार चाललेली!

मराठी मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात तीनदा खोलात शिरून चौकशी करतो. मुलीसाठी स्थळ बघताना, फ्लॅट घेताना आणि जुनी गाडी घेताना. स्थळाच्या वेळी तो ‘पगार किती?’ असं विचारतो, पण उत्तरावर विश्वास ठेवत नाही. मुलाच्या ऑफिसात ओळखीचा माणूस गाठून खात्री करून घेतो. फ्लॅटच्या वेळी ‘कार्पेट किती?’ असं विचारतो, बिल्डरचा आकडा हसतमुखाने ऐकून घेतो आणि रविवारी मेव्हण्याला टेपचं दुसरं टोक धरायला घेऊन जातो. जुन्या गाडीच्या वेळी मात्र तो ‘किती चालली?’ एवढंच विचारतो, समोरचा ‘फक्त बत्तीस हजार’ म्हणतो आणि आमचा हा चौकस माणूस उन्हातल्या कुल्फीसारखा विरघळतो.

माझा या प्रश्नाला विरोध आहे. तत्त्वतः आणि व्यवहारतः, दोन्ही. मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो. मोटारीतला मी तज्ज्ञ नाही. बोनेट उघडलं की मला गणपतीच्या मखरामागच्या वायरी आठवतात. पण मोटारीचे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मोटार घेणाऱ्यांचे चेहरे त्याहून जास्त. चेहरे दोनदा पाहायला मिळतात. एकदा कर्ज घेताना आणि एकदा सहा महिन्यांनी. हे दोन चेहरे एकाच माणसाचे आहेत हे सही ताडून पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता साधी गाडी घेणाऱ्याने ‘किती चालली?’ असं विचारलं तर फारसं बिघडत नाही. मंडई, शाळा आणि वर्षातून एकदा कोल्हापूर करणारी गाडी कोणाकडूनही घ्या, ती साधारण सारखीच झिजलेली असते. माझं भांडण आहे ते पळणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत. मोठं इंजिन, त्यात टर्बो, पायाखालचं पेडल जरा दाबलं की पाठ सीटला चिकटते, अशी ती गाडी. नवी असताना तिच्याकडे आपण फक्त सिग्नलला बघतो, तेही लाल असेपर्यंत. आणि एक दिवस तीच गाडी आपल्या ऐपतीत येऊन उभी राहते. इथे माणूस फसतो.

ती ऐपतीत कशी येते, हे आधी समजून घेऊ. आम्हा कॉमर्सवाल्यांना घसारा नावाची एक गोष्ट शिकवतात. आयकराच्या हिशेबात मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. चाळीस लाखांची गाडी या दराने आठ वर्षांनी दहा लाख नव्वद हजारांवर येते. बाजार काही आयकर खात्याला विचारून भाव ठरवत नाही, पण महागड्या गाड्यांच्या बाबतीत तो साधारण याच उताराने घरंगळतो. म्हणजे चाळीस लाखांची गाडी अकरा लाखांत! नव्या साध्या गाडीच्या पैशात! माणसाला वाटतं, एकोणतीस लाख वाचले.

वाचले नाहीत. ते पहिल्या मालकाचे गेले, एवढंच. कारण घसारा लागतो तो गाडीला. गाडीच्या सुट्या भागांना घसाऱ्याचा नियम कोणी सांगितलेलाच नाही. गाडी आठ वर्षांची झाली म्हणून तिची ब्रेकची डिस्क पंचवीस टक्क्यांत मिळत नाही. उलट ती आठ वर्षांपूर्वीपेक्षा महागच झालेली असते. तेव्हा तुम्ही जी आणता ती अकरा लाखांची गाडी नसते. अकरा लाखांना मिळालेली चाळीस लाखांची गाडी असते, आणि बिलं चाळीस लाखांच्या गाडीची येतात. राजवाड्यात भाड्याने राहायला गेलात आणि भाडं कमी पडलं, तरी झुंबरं पुसायचा खर्च राजाचाच.

‘किती चालली?’ हा प्रश्न मुळात वाईट नव्हता. तो पद्मिनी आणि अँबॅसडरच्या जमान्यात जन्मला. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं आणि ताकद चाळीसेक घोड्यांची. तेही घोडे बैलांच्या स्वभावाचे. ती गाडी तुम्ही कितीही रागाने हाकलीत तरी ती आपल्याच चालीने जायची, त्यामुळे झीजही अंतराच्या हिशेबात व्हायची. मोडण्यासारखं जे होतं ते नाक्यावरचा मेस्त्री पान्हा, तार आणि शिव्या या तीन हत्यारांनी दुरुस्त करी. घाटात पेट्रोलचा पंप तापून गाडी बसली, तर त्यावर ओलं फडकं टाकायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी बरी. त्या काळी ‘किती चालली?’ असं विचारून गाडी घेतली आणि अंदाज चुकला, तर नुकसान किती? फडक्याचं आणि चहाचं.

पुढे गाड्या बदलल्या. २००४ साली आपल्याकडे टर्बोवाली ऑक्टेव्हिया आरएस आली, तिची ताकद १५० घोड्यांची. २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आली. तिच्यात १.२ लिटरच्या इवल्याशा इंजिनातून १०५ घोडे काढलेले आणि सोबत दोन क्लचांचा, सात गिअरांचा, आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. २०२० साली आलेल्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये हे घोडे २४५ झाले. घोडे वाढत गेले, प्रश्न मात्र पद्मिनीचाच राहिला.

आणि हे घोडे साधे नाहीत. टर्बोतला पंखा जोरात असताना मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याला गार ठेवतं ते इंजिनचं तेल. आता एखादे चिरंजीव एक्सप्रेसवेवरून वाऱ्यासारखे आले, सोसायटीच्या फाटकात शिरले आणि त्याच क्षणी इंजिन बंद करून वर टीव्ही बघायला गेले, की ते तेल तापलेल्या टर्बोत अडकून करपतं. कढईत विसरलेल्या फोडणीसारखं. सकाळी गार इंजिन चालू करून पहिल्याच मिनिटाला सुसाट सोडलं, तर तेल सगळीकडे पोचायच्या आत लोखंड लोखंडावर घासतं. हे रोज होतं, आणि यातलं काहीही मीटरवर उमटत नाही. मीटरवर फक्त उमटतं, ‘सोसायटी ते कॉलेज, सहा किलोमीटर’.

म्हणून मी म्हणतो, किलोमीटर हे झीज मोजायचं माप नव्हे. डॉक्टरांनी चालवलेला एक किलोमीटर आणि डॉक्टरांच्या मुलाने चालवलेला एक किलोमीटर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाहिरातीत ‘डॉक्टरांची गाडी’ एवढंच लिहितात. डॉक्टर दिवसभर दवाखान्यात असतात, हे आपण लक्षात घ्यायचं.

बरं, फार न चाललेली गाडी तरी चांगली? तेही नाही. आमच्याकडे एखाद्या बचत खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने काही व्यवहारच केला नाही, तर आम्ही त्या खात्याला आदर्श खातं म्हणून हार घालत नाही. निष्क्रिय म्हणून बाजूला काढतो. गाडीचंही तेच. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, बॅटरी बसते, टायर एकाच जागी दबतात. इंजिनच्या आत टायमिंग बेल्ट असेल तर तो किलोमीटरांनी म्हातारा होतो तसा वर्षांनीही होतो, आणि तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या अंगावर जातात. ज्या गाडीला ‘अजिबात चाललेली नाही हो’ म्हणून मिरवतात, ती पुष्कळदा चालवावीशी न वाटलेली असते.

आणि इतकं करून तो बत्तीस हजारांचा आकडा तरी खरा आहे का? जुन्या मीटरला मागे न्यायला ड्रिल मशीन आणि संयम लागायचा. आता लॅपटॉप लागतो, संयम लागत नाही. आकडा बत्तीस हजार म्हणतो, पण ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टेअरिंगचं चामडं चकाकतंय आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड चढून-उतरून फाटलीय. माणसाने केस काळे केले तरी जिन्यावर गुडघे वय सांगतातच.

मग बघायचं काय? मी तज्ज्ञ नाही हे पुन्हा सांगतो. पण तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही वाचता येईल असं गाडीवर पुष्कळ लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. गाडी २०१७ ची, मीटरवर बत्तीस हजार, आणि चारही टायर एकदा बदलून पुन्हा गुळगुळीत झालेले. मग हे बत्तीस हजार कसले? एक तर आकडा खोटा, नाही तर प्रत्येक सिग्नलला धूर काढून सुटणारा मालक खरा. दोन्हींत तुमचं नुकसान सारखंच. टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून १.६ मिलिमीटर उरली की ती त्यांच्या पातळीला येते आणि टायर निवृत्त होतो. तेही बघा. आणि चार टायर चार कंपन्यांचे असतील, तर मालकाची आर्थिक स्थिती मला विचारायला येऊ नका, ती गाडीच सांगतेय. ज्याने टायरला पैसे दिले नाहीत, त्याने आतल्या तेलाला दिले असतील हे कशावरून?

ब्रेकच्या डिस्कवर तिची कमीत कमी जाडी बहुधा कोरलेलीच असते. कडेला बोट फिरवा. गाडी गार असताना फिरवा, नाही तर बोटाचाही घसारा होईल. कडेला उंच काठ लागला तर मधला भाग तेवढा झिजलाय. गाडी बघायला सकाळी जा आणि ‘इंजिन चालू करून ठेवू नका’ असं आधी बजावा. गार इंजिन खरं बोलतं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. विकणाऱ्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर काय जळतंय ते कळत नाही. नंतर जळतो तो आपला जीव.

माझी आवडती परीक्षा मात्र विम्याच्या कागदाची, कारण तिथे हात काळे होत नाहीत. विम्यात क्लेम न केल्याचा बोनस असतो. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं ओळीने क्लेम नसेल तर ५०. आता मालक छातीवर हात ठेवून सांगतोय, ‘सात वर्षं माझ्याकडे आहे, साधा ओरखडा नाही.’ आणि पॉलिसीत बोनसच्या रकान्यात शून्य! अहो, मग तो बोनस गेला कुठे? एकदा तरी क्लेम झाला असेल, नाही तर मध्ये विमाच बंद पडला असेल. दोन्ही प्रसंगांत सात वर्षांची गोष्ट तेवढी सरळ नाही. त्याच बैठकीत सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पाण्यात बुडालेल्या कित्येक गाड्या न्हाऊन-माखून बाजारात उभ्या राहिल्या होत्या. २०१९ साली सांगली-कोल्हापूरही असंच बुडालं होतं. गाडी धुणारा कार्पेट धुतो, सीटा धुतो. बेल्टचं शेवटचं वीतभर टोक धुवायचं त्याला सुचत नाही. तिथे चिखलाची रेघ बसलेली असते.

हे सगळं मी आमच्या हेड कॅशिअरना सांगितलं होतं. हा माणूस नोटांचं बंडल तीनदा मोजतो. पाचशेची नोट निळ्या दिव्याखाली धरतो, उजेडाकडे धरतो, कानाशी नेऊन वाजवतो. एक नोट संशयास्पद वाटली तर खातेदाराच्या तीन पिढ्यांची चौकशी करतो. असा माणूस मला म्हणाला,

‘‘अहो, बत्तीस हजारच चाललीय! जर्मन आहे. अकरा लाख. मालक इतका सज्जन आहे, त्याने चहाबरोबर चकली दिली.’’

‘‘साहेब, एखाद्या बाहेरच्या मेस्त्रीला दाखवलीत का? लिफ्टवर चढवून खालून बघतात, कॉम्प्युटर लावून तपासतात.’’

‘‘त्याचे चार-पाच हजार मागतात हो! नुसतं बघायचे!’’

‘‘आणि तुम्ही नोटा नुसत्या बघता, त्याचा पगार नाही घेत?’’

यावर ते हसले. सात लाखांचं कर्ज झालं, बाकीचे प्रॉव्हिडंट फंडातून आले. पहिले तीन महिने शाखेत पेढ्यांवर पेढे. चौथ्या महिन्यात गाडी सिंहगड रोडच्या सिग्नलला थंडी भरल्यासारखी थरथरायला लागली. क्लच आणि गिअरबॉक्सचा मेंदू, दोन्ही बदला म्हणाले: दोन लाख नव्वद हजार. ‘गाडी वर घेतलीच आहे तर’ म्हणून चार टायर: बहात्तर हजार. डिस्का आणि पॅड: अठ्ठावन्न हजार. एकूण चार लाख वीस हजार. विमा? विमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो. आणि अपघात झाला तरी साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरीची किंमत विमा कंपनी निम्मीच धरते. घसारा म्हणजे काय, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा बरं समजतं.

त्याच महिन्यात त्यांच्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. फी भरली गेली, गाडीचं काम राहिलं. ती आता सोसायटीत कव्हर घालून उभी असते. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यातून हप्ता कापला जातो, आणि ती नोंद माझ्या टेबलावरून जाते. त्या दिवशी आम्ही दोघं जेवायच्या सुट्टीत गाडी सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतो. चकली देणारा सज्जन खोटं बोलला असं ते अजूनही म्हणत नाहीत. आणि खरंच, तो खोटं बोललाच नसेल. ती बत्तीस हजारच चालली असेल. मी आल्यापासून सांगतोय तेच हे.

माझं बोलणं ऐकून काही जण चिडतात. म्हणतात, ‘एवढा विचार केला तर माणूस गाडी घेणारच नाही.’ का नाही घेणार? एवढा विचार करून लोक लग्नं करतात. दुसरे म्हणतात, ‘आमच्या ओळखीचा फिटर आहे, तो बघेल.’ तो जरूर बघेल. पण तो तीस वर्षं ज्या गाड्या बघतोय त्यांच्यात दोन क्लच नव्हते. शिवाय ओळखीचा आहे म्हणून तो पैसे घेत नाही, आणि पैसे घेतले नाहीत म्हणून गाडीखाली आडवा होत नाही. बोनेटवर थाप मारून ‘मस्त आहे’ म्हणतो. तिसरे म्हणतात, ‘हौसेला मोल नसतं.’ हे वाक्य नेहमी मोल देऊन झाल्यावर म्हणतात.

मी हौसेच्या विरुद्ध नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्या माणसाला एकदा पाठ सीटला चिकटावी असं वाटलं, तर त्यात गैर काय? खरं तर वाटायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच की ती हौस महिनाभराची नको, पाच-सात वर्षांची हवी. त्यासाठी बत्तीस हजार चाललेली आणि पातळ फाइल असलेली गाडी सोडा. नव्वद हजार चाललेली आणि जाड फाइल असलेली घ्या. जिच्या फाइलीत तेल बदलल्याची पावती आहे, बेल्ट बदलल्याची आहे, गिअरबॉक्सच्या कामाची आहे, क्लच नवा घातल्याची आहे. तो प्रत्येक कागद म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्याने आधीच भरलेलं बिल आहे. चार-पाच हजार देऊन परक्या मेस्त्रीकडून तपासून घ्या; मिळालेली यादी घेऊन भाव करा. आणि अकरा लाख खिशात असतील तर गाडी नऊ लाखांची बघा. उरलेले दोन लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीची तरतूद. बँक कर्ज थकायच्या आधीपासून काही ना काही तरतूद करते आणि थकलं की ती वाढवते. आपण हौस थकल्यावर करतो.

राहता राहिला प्रश्न. तो बदला. पुढच्या वेळी गाडी बघायला गेलात की ‘किती चालली?’ असं विचारूच नका. ‘हिच्यावर खर्च किती केलात?’ असं विचारा. चांगला मालक कपाळाला हात लावील, बायकोकडे चोरून बघेल आणि आतून एक फुगलेली फाइल घेऊन येईल. त्याच्याकडे बसा, दुसरा चहा घ्या. पण समोरचा छाती फुगवून म्हणाला, ‘छे हो, सात वर्षांत एक रुपया खर्च केला नाही हिच्यावर!’ तर चकली तशीच बशीत ठेवा, चपला घाला आणि जिना उतरा. तो अगदी खरं बोलतोय.